उपासनेपूर्वीचा शनिवार

देवळात जावयाचे तर वहाणा बाहेर काढाव्यात आणि हातपाय धुवावेत, हे आपल्याकडे लहान मुलासही सांगावे लागत नाही. मशिदीच्या अंगणात वजूसाठी पाणी ठेवलेले असते. पारशी मनुष्य अग्यारीत शिरण्यापूर्वी हातपाय धुऊन कंबरेची कस्ती सोडतो व पुन्हा बांधतो. शरीराची ही तयारी सर्व धर्मांनी इतक्या बारकाईने ठरवून दिली आहे की तीत उणे पडल्यास चारचौघे तत्काळ सांगतात. परंतु ज्या अंतःकरणाने उपासना करावयाची त्याची तयारी कशी करावी, असा प्रश्न निघाला म्हणजे मात्र बोलणारे पुष्कळ आणि वाट दाखविणारे थोडे, अशी स्थिती होते. पायांतील वहाण काढता येते. पण सहा दिवसांत मनाला लागलेली धूळ कोणत्या उंबऱ्याबाहेर झटकावी? आणि ती निघाली नाहीच, तर तसेच आत जावे, की उंबऱ्यावरूनच परत फिरावे?

हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथातून आला नाही. तो आला इंझोरी येथे, एका शनिवारी संध्याकाळी, जेवणाच्या पानावर. इंझोरी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. पण आमच्या वडिलांनी जपून ठेवलेल्या शेताच्या जुन्या कागदांवर अद्याप अकोल्याचेच नाव आहे. त्या शेताच्या कामासाठी गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्हांस तेथे दोन दिवस राहावे लागले. कपाशीची पहिली वेचणी झाली होती, आणि सोयाबीन निघून गेलेल्या रानांत हरभरा उगवून येत होता. आम्ही उतरलो ते एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या घरी. गावातील सर्व मंडळी त्यांस गुरुजी म्हणतात; आम्हीही येथे तसेच म्हणू.

गुरुजी धर्माने ख्रिस्ती आहेत. वाशीम येथे नाझरीन मंडळीने १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उघडले. त्यांचे वडील तेथे चाकरीस होते, आणि तेव्हापासून या घराचा वाशीमच्या उपासनेशी संबंध. रविवारी पहाटेच्या एस. टी.ने मंगरूळपीरमार्गे वाशीमला जावे आणि उपासना आटोपून दुपारच्या गाडीने परतावे, हा पतिपत्नींचा कित्येक वर्षांचा क्रम. त्या शनिवारीही बाईंनी धुतलेला सदरा घडी करून ठेविला. पिशवीत बायबल, ‘उपासना संगीत’ आणि चष्म्याचे घर घातले. दानाचे पैसे वेगळ्या पाकिटात बांधले. सर्व तयारी झाली. परंतु गुरुजी म्हणाले, “मी उद्या येत नाही.” पुढे बोलता बोलता असे निघाले की मागल्या तीन रविवारीही ते गेले नव्हते.

कारण सांगण्यास ते संकोचले, पण शेवटी त्यांनी सांगितले. त्यांच्या शेताला लागून ज्यांचे शेत आहे त्यांच्याशी धुऱ्यावरून तंटा होता. सरकारी मोजणी झाली, खुणा गुरुजींच्या बाजूने पडल्या. शेजाऱ्यास त्या मान्य नव्हत्या. येथवर वऱ्हाडात नवे असे काही नाही. परंतु एका संध्याकाळी पारावर दहा माणसांदेखत गुरुजींचा तोल गेला. त्यांनी शेजाऱ्यास चोर म्हटले, आणि तेवढ्याने न भागून त्याच्या मृत बापाचेही नाव काढले. “तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की त्याचेच तोंड दिसते,” गुरुजी म्हणाले. “असे मन घेऊन देवापुढे उभे राहायचे ते ढोंग नव्हे काय, सर?” यावर बाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “म्हणजे आधी बरे व्हायचे, आणि मग दवाखान्यात जायचे!”

आम्ही ख्रिस्ती नाही, आणि उपासनेच्या बाबतीत कोणास उपदेश करण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु नीतिशास्त्राच्या वर्गात ज्या प्रश्नाची आम्ही अनेक वर्षे चिरफाड केली तोच प्रश्न येथे दोन वाक्यांत, आणि तोही जिवंत, आमच्यापुढे उभा होता. गुरुजींचा पक्ष प्रामाणिकपणाचा. ओठांवर एक आणि पोटात एक अशी पूजा देवास नको, असे इस्राएलाचे यशया व आमोस हे संदेष्टे सांगून गेले; आपल्या संतांनीही तीर्थस्नानाने मळ जात नाही हे वारंवार बजावले. ढोंगाची किळस वाटणे हे नैतिक प्रकृती शाबूत असल्याचे लक्षण होय. बाईंचा पक्ष गरजेचा. शुद्ध झाल्यावाचून जावयाचे नाही असा नियम केला तर उपासनामंदिर एक तर ओस पडेल, किंवा आपण शुद्ध आहोत असे ज्यांस वाटते तेवढ्यांनीच ते भरेल; आणि हा दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट. स्वतः येशूने मंदिरात प्रार्थनेस गेलेल्या दोघांचा दृष्टांत सांगितला आहे. आपल्या उपासतापासांची यादी देवास ऐकविणारा परूशी तयारीने आलेला होता. दूर उभा राहून छाती बडविणाऱ्या जकातदारापाशी तयारी अशी काहीच नव्हती. तरी घरी जाताना नीतिमान ठरला तो जकातदार.

दोन्ही पक्ष खरे, आणि दोन्ही एकमेकांचे खंडन करणारे; अशा ठिकाणी बहुधा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला गेलेला असतो. येथेही ‘तयारी’ या शब्दाचा अर्थ दोघांनी न तपासता गृहीत धरला होता. तयारी म्हणजे मन निर्मळ, शांत व प्रसन्न होणे, असा तो अर्थ. तो खरा आहे काय, हे पाहिले पाहिजे.

प्रथम साप्ताहिक उपासनेचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. वर्षातून एकदा येणाऱ्या यात्रेसाठी मनुष्य उत्साहाने सिद्ध होतो. याच मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस रामनवमीला दूरदूरचे बंजारा बांधव येतात तेव्हा त्यांच्या मनाची तयारी वाटेनेच होत असते. रोजच्या देवपूजेस सवय पुरते. आठवड्याची उपासना या दोहोंच्या मधली आहे. ती उत्साहावर चालण्यास फार जवळ, आणि सवयीवर चालण्यास काहीशी लांब. म्हणूनच तिची तयारी जाणून बुजून करावी लागते, आणि म्हणूनच ती टळते. परंतु सात दिवसांच्या या अंतरात एक शहाणपणही आहे. आठवडी बाजारात मागल्या बाजाराची उधारी दोन्ही पक्षांच्या स्मरणात असते. वही न पाहता ती फेडता येते. वर्षाची उधारी झाली म्हणजे आकड्यांवरून भांडण सुरू होते. माणसामाणसांतील अपराधांचेही असेच आहे. आठवड्याचा अपराध अजून ताजा असतो. त्याला कारणे, समर्थने आणि पक्षकार चिकटलेले नसतात.

सातव्या दिवसाच्या तयारीचे महत्त्व महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत अधिक काळ जपले ते ख्रिस्ती नव्हेत. कोकणातील मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून किनाऱ्यास लागलेल्या त्यांच्या पूर्वजांपाशी धर्मग्रंथ उरले नव्हते. ग्रंथ गेले, पण शनिवार राहिला. आता शनिवारी घाणा बंद ठेवावयाचा म्हणजे गिऱ्हाइकांचे तेल आधी गाळून ठेवावयास हवे, आणि यहुदी दिवस सूर्यास्ताला लागत असल्यामुळे घरचे रांधणेही शुक्रवारीच उरकावयास हवे. विश्रांतीचा दिवस विश्रांतीने मिळत नाही. आदल्या दिवसाच्या अधिक कष्टाने मिळतो. त्यांची तयारी मनात नव्हे, घाण्यावर आणि चुलीवर होत होती.

याच्या उलट, नुसती सुटी म्हणजे तयारी नव्हे. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली रविवार हा न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांच्या विश्रांतीचा दिवस ठरविला. शेतकऱ्यास मात्र हंगाम साधण्याची मुभा ठेविली. आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागील एक कारण होते. श्रमणाऱ्या माणसास स्वतःचा असा एक दिवस मिळाला हे मोठेच काम झाले. परंतु मिळालेला दिवस रिकामा राहिला तर तो कशाने तरी भरतोच. आज तो उशिरापर्यंतच्या झोपेने, खरेदीने आणि हातातील मोबाइलने भरतो, हे आम्ही आमच्याच घरावरून सांगू शकतो. सुटी सरकार देऊ शकते. तयारी ज्याची त्यालाच करावी लागते.

मग ती करावयाची कशी? मनास आज्ञा देऊन ती होत नाही. ‘आता शांत हो’, ‘आता याच्यावर प्रेम कर’ असे मनास सांगून पाहावे. ते ऐकत नाही, एवढेच नव्हे तर अधिक उसळते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात याच अडचणीचा विचार केला आहे. शेजाऱ्यावर, किंबहुना शत्रूवरही प्रीती करा, अशी आज्ञा बायबलात आहे; पण भावना तर आज्ञेने उत्पन्न होत नाही. त्याचे उत्तर असे की आज्ञा करता येते ती कृतिरूप प्रीतीची. हृदयातील ओढ ही आज्ञेचा विषयच नव्हे. कांटचे हे उत्तर काहीसे कोरडे आहे असे आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असू. इंझोरीस आम्हांस ते तितके कोरडे वाटले नाही.

कारण ख्रिस्ती धर्माच्या मूळ ग्रंथांत उपासनेच्या तयारीविषयी जे सर्वांत स्पष्ट वचन आहे तेही कृतीचेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो त्याचा आशय असा: तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास, आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण कर. हे वचन सर्वश्रुत आहे, पण त्यातील एक बारकावा आम्हांस त्या रात्रीपर्यंत दिसला नव्हता. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तेथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे आपल्या अंतःकरणाची तपासणी आपल्या अंतःकरणात डोकावून होत नाही. ज्याला आपण दुखविले त्याच्या दारात उभे राहून ती होते. आपले मन आपल्याशी फार सलगीने वागते, आणि त्याची साक्ष सहज फिरते. दुखावलेल्या माणसाची साक्ष तशी फिरत नाही.

हाच अर्थ पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी घेतला होता. ‘डिडाखे’ नावाची अतिप्राचीन शिक्षापत्रिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि दहा वर्षांनी, १८८३ साली, छापून निघाली. तीत प्रभूच्या दिवशी एकत्र येऊन भाकर मोडण्याविषयी सांगताना दोन अटी घातल्या आहेत: आधी आपले अपराध कबूल करावेत, आणि ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत सभेत मिसळू नये. संत पौल करिंथ येथील मंडळीस लिहितो की प्रत्येकाने आपली परीक्षा करून मगच प्रभुभोजनास बसावे. हे वाक्य पुष्कळदा एकांतातील आत्मचिंतनाचे वाक्य म्हणून सांगितले जाते. पण ते कोणत्या प्रसंगी लिहिले गेले ते पाहावे. करिंथात सुखवस्तू लोक आपापले आणलेले जेवण आधीच जेवून घेत, आणि गरीब उपाशी राहून लाजत. पौलाचा संताप त्यावर आहे. ज्या परीक्षेस तो बोलावतो तिचा पहिला प्रश्न, तुझ्या पंक्तीला कोण उपाशी राहिले, हा आहे.

पुढे या तयारीचे नियम झाले, आणि नियमांचे जे होते ते त्यांचेही झाले. वसईच्या व गोव्याच्या कॅथलिक घरांतील वृद्धांस अजून आठवत असेल की पवित्र प्रसाद घ्यावयाचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. पोप बाराव्या पायसने १९५३ साली पाण्याची मुभा दिली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आणला, आणि सहाव्या पॉलने १९६४ साली तो एका तासाचा केला. स्कॉटलंडात प्रभुभोजनापूर्वी मंडळीचे वडील लोकांची परीक्षा घेत, आणि जे उतरले त्यांस धातूचा एक लहान बिल्ला देत. तो दाखविल्यावाचून मेजापाशी जागा मिळत नसे. हे नियम मूर्खपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. उपाशी पोट माणसास आज काही निराळे आहे याची आठवण देते, आणि कोणी तरी आपल्यास विचारणार आहे या जाणिवेने कित्येक तंटे शनिवारीच मिटले असतील. परंतु उपवासाचे तास मोजता येतात, बिल्ला खिशात ठेवता येतो. आणि जे मोजता येते ते पुरे झाले म्हणजे जे मोजता येत नाही तेही पुरे झाले, असा भ्रम होतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आमच्या घरांस हा भ्रम काही परका नाही.

सोवळ्याचे नाव निघाले म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या वर्षांत प्रथम ताटातूट, आणि पुढे पतीकडे येऊनही आपले रांधणे व पाणी वेगळे ठेवून राहणे, असा त्यांचा काळ गेला. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मध्ये त्यांनी सांगितले आहे की एका प्रवासात, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार मनात घोळता घोळता त्यांनी सोवळे टाकण्याचा निश्चय केला. हा निश्चय आधी, बाप्तिस्मा मागून. ज्या अंतःकरणाच्या पालटाविषयी मोठमोठे ग्रंथ लिहिले जातात तो या बाईंच्या बाबतीत पाण्याच्या भांड्यापाशी सुरू झाला. दुसऱ्याच्या हातचे पाणी न पिणाऱ्या मनुष्याने त्याच्या शेजारी बसून प्रार्थना करावी, यातील विसंगती त्यांस कोणी पटवून दिली नाही. ती त्यांच्या त्यांनीच ओळखली.

तथापि गुरुजींच्या बाईंचे म्हणणे अजून शिल्लक राहते. मन तयार नाही म्हणून जावयाचेच नाही काय? याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात मिळते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की त्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडावयास पुढे सुमारे आठ वर्षे लागली. त्या आठ वर्षांत त्या उपासनेस जात होत्या, ग्रंथ वाचीत होत्या, विधवांसाठी शारदासदन काढीत होत्या. ज्या दिवशी मन तयार होईल त्या दिवशी जाईन असे म्हणून त्या घरी बसल्या असत्या तर तो दिवस उगवला असता काय, याची आम्हांस शंका आहे. न झालेल्या तयारीने जाणे हे ढोंग नव्हे. झाली आहे असे दाखविणे हे ढोंग. या दोहोंतील फरक गुरुजींच्या मनात पुसट झाला होता, आणि प्रामाणिक माणसांच्याच मनात तो पुसट होतो.

आता त्या रात्रीची हकीकत पुरी करतो. जेवणे झाली. नऊच्या सुमारास गुरुजींनी खुंटीवरची बॅटरी घेतली आणि आम्हांस म्हणाले, “सर, जरा बरोबर येता काय?” आम्ही गेलो. शेजारी ओट्यावर खाट टाकून बसले होते. गुरुजी उभ्यानेच बोलले. “भाऊ, धुऱ्याचे मोजणीप्रमाणे जे व्हायचे ते होईल, तो माझा हक्क मी सोडत नाही. पण पारावर मी तुम्हांला चोर म्हणालो, तुमच्या वडिलांचे नाव काढले, ते माझे चुकले. उद्या त्याच पारावर चार माणसांत तसे सांगायला मी तयार आहे.” शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रात झाली, गुरुजी. जा आता.” एवढेच. बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही.

परत येताना आम्हांस वाटले, समेट तर झाला नाही. आता गुरुजी चौथा रविवारही घरीच काढणार. परंतु पहाटे ते सदरा घालून पिशवी घेऊन उभे. आम्हांसही मंगरूळपीरपर्यंत त्याच गाडीने जावयाचे होते. वाटेत आम्ही विचारले, “मन झाले काय तयार?” ते म्हणाले, “मन तसेच आहे, सर. पण आता लपवायचे काही उरले नाही.”

या उत्तराचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. तंट्यात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: आपला हक्क, आपला अपराध, आणि दुसऱ्याचे मन. समेट म्हणजे हक्क सोडणे, अशी समजूत असल्यामुळे हक्काची माणसे समेटाला भितात. आणि दुसऱ्याचे मन वळल्यावाचून समेट नाही, अशी समजूत असल्यामुळे सज्जन माणसे निराश होतात. वास्तविक हक्काचा निवाडा मोजणीने किंवा न्यायालयाने व्हावा. दुसऱ्याचे मन त्याचे आहे. ते त्याच्या वेळेने वळेल, वा वळणारही नाही. आपल्या हाती असतो तो मधला भाग, आपला अपराध. तेवढ्यापुरते त्याच्या दारापर्यंत चालत जाणे, हीच आमच्या मते उपासनेची तयारी होय. मन निर्मळ होणे हे तिचे फळ असू शकेल. ते तिचे माप नव्हे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे, कारण या उपदेशाचा दुरुपयोग होताना आम्ही पाहिला आहे. घरात मार खाणाऱ्या सुनेस, किंवा मजुरी बुडालेल्या गड्यास, ‘आधी समेट कर, मग देवाचे नाव घे’ असे सांगणारे लोक असतात. वेदीवरून परत पाठविले आहे ते अपराध करणाऱ्यास. ज्याच्यावर अपराध झाला त्यास नव्हे. सोसणाऱ्याने केव्हाही, जशा असतील तशा अश्रूंसह, सरळ आत जावे. थांबावयाचे असेल तर मारणाऱ्याने थांबावे.

हा सर्व विचार केवळ ख्रिस्ती मंडळींपुरता आहे असेही आम्हांस वाटत नाही. प्रार्थनासमाजाने मुंबईत १८६७ पासून साप्ताहिक उपासनेचा परिपाठ घातला, तेव्हा सुशिक्षित हिंदू कुटुंबांपुढेही हाच प्रश्न होता. ज्यांच्या घरी कोणतीच उपासना उरलेली नाही त्यांचाही एखादा शनिवार असावा, असे आम्हांस वाटते. सुटीच्या आदल्या संध्याकाळी, सरल्या सात दिवसांत आपण कोणास दुखविले, आणि त्यापैकी कोणाच्या दारापर्यंत आजच जाता येईल, एवढे दोन प्रश्न घरातील वडील माणसांनी स्वतःस विचारले, तर मुलांस नीतिपाठ वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

आम्ही इंझोरीस शेताच्या कामासाठी गेलो होतो असे वर सांगितले. ते काम वाटणीचे होते. आमच्या वडील बंधूंशी आमचे अकरा वर्षांत बोलणे नव्हते. हिस्सा किती याविषयी आमचे म्हणणे अजूनही आहे तेच आहे. परंतु आईच्या तेराव्यानंतर आम्ही दादांस जे पत्र लिहिले होते त्यातील चार ओळी कोणत्याही हिश्शाच्या हिशेबात बसणाऱ्या नव्हत्या. मंगरूळपीरास गुरुजींची गाडी पुढे गेल्यावर स्थानकावरूनच आम्ही दादांस मोबाइल लावला. त्यांनी तो घेतला नाही. पुढल्या शनिवारी पुन्हा लावला. त्या वेळी घेतला. त्या चार ओळींबद्दल जे सांगावयाचे होते ते आम्ही सांगितले. ते “बरं” म्हणाले, आणि मग थोडा वेळ पीकपाण्याचे बोलले.